एमएफएच्या थीसिससाठी ‘ओळख, कुटुंब, प्रेम, आपलेपण’ हा विषय फार घासून गुळगुळीत झालाय का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत क्रिएटिव्ह रायटिंगच्या एमएफएसाठी (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे लेखनातली पदव्युत्तर पदवी) अर्ज करताय, त्यात थीसिसचा विषय म्हणून हे चार शब्द टाकलेत, आणि एका सीनियरने ‘हे तर सगळेच लिहितात’ म्हणून हवा काढून घेतली. शिवाय घरच्यांबद्दल लिहिलेलं चालतं का, हेही विचारलंय. मी असं तीन वर्षांचं एमएफए करून आलेय, तेव्हा जे पाहिलं ते सांगते.

सीनियर खोटं बोलला नाही. पण हे चार शब्द मुळात विषयच नाहीत. पुस्तक झाल्यावर प्रकाशक मलपृष्ठावर छापतो ते शब्द आहेत. आमच्या वर्गात नऊ जण होतो आणि नवाच्या नवांच्या प्रस्तावात ‘बिलाँगिंग’ होतं. त्यातलं आज मला काय आठवतं? एकीच्या आईने घटस्फोटानंतर विकायला काढलेला पियानो, जो दारातून बाहेर निघेना. बाकीचं सगळं विसरले.

आधी थीसिस म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे हा शब्द ऐकला की गृहीतक, संदर्भसूची आणि गाइडच्या घरच्या चकरा डोळ्यांपुढे येतात. इथे तुमच्या कथा, कविता किंवा कादंबरी हाच थीसिस. आयोवा विद्यापीठाने 1922 मध्ये पदवीसाठी असं सर्जनशील लेखन स्वीकारायचं ठरवलं, 1936 मध्ये तिथलं रायटर्स वर्कशॉप सुरू झालं, आणि पुढे सगळीकडे साधारण तोच साचा गेला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, कुठे तीन. कवितेची पन्नासेक पानं, गद्याची शंभर-दीडशे, पण प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, तो बघून घ्या. शेवटी समितीपुढे तासभर बोलायचं. (आपल्याकडे आयोवा म्हटलं की दिलीप चित्रे आठवतात. ते 1975 ते 77 तिथे होते खरे, पण इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये. ती लेखकांना दिलेली फेलोशिप असते, पदवी नव्हे. लोक गल्लत करतात.)

विषय जुना म्हणून घाबरू नका, याला माझ्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ’कॉनरचं. 1947 मध्ये तिने आयोवाला दिलेला थीसिस म्हणजे सहा कथा. शीर्षककथा ‘द जिरेनियम’. दक्षिणेतला एक म्हातारा न्यूयॉर्कमध्ये लेकीच्या फ्लॅटवर येऊन पडलाय. समोरच्या खिडकीत रोज सकाळी कोणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवतं, तीच बघत तो बसतो. ओळख, कुटुंब, आपलेपण, सगळं आलं की नाही? पण तिने लिहिली ती कुंडी. पुढे 1964 मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली, आणि जाण्याआधीच्या शेवटच्या काळात हीच कथा नव्या नावाने, नव्याने लिहीत होती. एका विषयाला आयुष्य पुरलं नाही, आणि आपण तो घासलेला आहे का विचारतोय.

आता माझी कुंडी. मी इचलकरंजीची. वडिलांचे चार माग होते. आई सीमेपलीकडची, माहेरी सगळं कन्नड. लग्नानंतर मराठी शिकली, पण एक गोष्ट तिला कधी जमली नाही. कन्नडमध्ये ‘नावु’ हा एकच शब्द. मराठीत दोन, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ती दोन्हीकडे ‘आम्ही’च वापरायची. आजीच्या पुढ्यात ताट ठेवून म्हणायची, “आम्ही उद्या वाडीला जायचं का?” म्हणायचं असायचं, आपण सगळे मिळून. आजीला ऐकू यायचं, तुला सोडून आम्ही. आजी ताट बाजूला सारायची. “जावा की तुमी. आमाला कोण इचारतंय!” आणि दोन दिवस अबोला.

हा प्रसंग मी पहिल्या मसुद्यात इंग्रजीत लिहिला आणि तोंडावर आपटले. दोन्हींना इंग्रजीत ‘वुई’. वर्गातल्या एकाने समासात लिहिलं होतं, ‘ही बाई चिडली का?’ अगदी बरोबर प्रश्न. भांडणच भाषांतरात गायब झालं होतं. प्राध्यापिका म्हणाल्या, तळटीप दे. मी म्हटलं, सासू-सुनेच्या भांडणाला तळटीप? मग एक प्रसंग रचला. आजी भाकरी करायला बसलीय. परातीतल्या पिठातून एक गोळा तोडून बाजूला ठेवते, म्हणते, “ह्ये आमी.” मग तोच गोळा परत पिठात दाबते. “ह्ये आपण.” पुढची एकशेवीस पानं दोन्ही शब्द मराठीतच ठेवले आणि कोणालाही अर्थ विचारायची गरज पडली नाही. समितीला तेच पान सगळ्यात जास्त आवडलं. मलाही माझं फार कौतुक वाटलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, अर्जातले ते चार शब्द खोडा आणि तुमच्या घरातली अशी एक वस्तू, एखादा शब्द किंवा एखादं भांडण शोधा, जे इंग्रजीत सांगताना अडतं. मराठीत थीसिस लिहायची सोय तिकडे नाही. आयोवाला स्पॅनिशमधून एमएफए करता येतं, आपल्याला नाही. तेव्हा अडणारच आहे, त्याचाच उपयोग करा. आंबे, पाऊस आणि नऊवारीतली आजी मात्र टाळा. मी पहिलं सत्र त्यातच घालवलं.

घरच्यांबद्दल लिहिणं. चालतं, कोणी परवानगी विचारत नाही. खरी गोची पुढे आहे. थीसिस जमा करताना ऑनलाइन फॉर्म असतो आणि तुमचं लेखन विद्यापीठाच्या वेबसाइटवर जगाला खुलं होऊ शकतं. 2008 मध्ये यावरूनच आयोवात विद्यार्थी उसळले होते, कारण फुकट वाचायला मिळालेली कादंबरी पुढे कोण छापणार? विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. आता बहुतेक ठिकाणी ‘एम्बार्गो’ मागता येतो, म्हणजे काही वर्षं ते कुलूपबंद ठेवायचं. माझ्या फॉर्ममध्येही तो चौकोन होता. मी घाईत टिक केलाच नाही.

दीड वर्षाने पुण्यातल्या चुलतभावाने सहज माझं नाव गूगलवर टाकलं. रात्रीपर्यंत पानांचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी वाटणीबद्दल लिहिलं होतं, त्याची भीती होती. काका त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना लागलं ते हे की त्यांच्या आईला मी भांडखोर दाखवली. ग्रुप सोडून गेले, गणपतीत परत आले.

आईने माझ्या बहिणीकडून ते सगळं मराठीत सांगून घेतलं. चार दिवसांनी तिचा फोन. “भाकरीचं खोटं लिहिलंस.”

मी म्हटलं, आई, कथा आहे ती.

“अत्तींनी, तुझ्या आजीनं, मला कधी काही शिकवलं नाही. ते तू शिकवलंस. पहिलीत होतीस. शाळेतून आलीस की माझ्यावर ओरडायचीस, आम्ही नाही गं, आपण म्हण, आपण. शेजारच्या बायकांसमोर.”

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आईला तेव्हा मी काय घातलं होतं तेसुद्धा आठवत होतं.

ते पान आता पुन्हा लिहितेय. परात काढून टाकलीय, अजून नीट जमत नाहीये. तुम्ही एम्बार्गोचा चौकोन तेवढा विसरू नका.