कर्ज फिटलं, पण काहीच वाटलं नाही

“शेवटचा हप्ता फेडला, मॅडम. बँकेचा कागद हातात आला. घरी आले, कागद कपाटात ठेवला आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसले. मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. माझ्यात काही बिघडलंय का हो?”

समुपदेशनासाठी समोर बसलेल्या बाईंचं वय 47. नोकरी, नवरा, कॉलेजला जाणारी मुलगी, सगळं जागच्या जागी. 15 वर्षं त्या या दिवसाची वाट बघत होत्या. ओळख पटू नये म्हणून मी तपशील थोडे बदलले आहेत, पण प्रश्न तोच आहे आणि तो मी सतत ऐकते. कुणी बढतीनंतर येऊन विचारतं, कुणी मुलाचा निकाल लागल्यावर.

आनंद न वाटणं हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून मी आधी तेच चाचपते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणंच नकोसं झालं असेल, तर छोट्या छोट्या आनंदाच्या गप्पा मारत बसायचं नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, आणि लवकर जायचं. बाईंचं तसं नव्हतं. झोप ठीक होती, कामं होत होती, बहिणीचा विषय निघाला की चेहरा खुलत होता. थकव्यासाठी डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं होतं, तेही चांगलं आलं होतं.

मग आम्ही त्यांच्या 15 वर्षांबद्दल बोललो. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येत होता, ‘एकदाचं’. एकदाचं कर्ज फिटू दे. एकदाची मुलगी कॉलेजला जाऊ दे. मी त्यांना मेंदूतली एक गंमत सांगितली. केंट बेरिज नावाच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं याच विषयावर काम केलंय. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं, या दोन्हींसाठी मेंदूत एकच यंत्रणा नाही. डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध जास्त करून हवंसं वाटण्याच्या ओढीशी असतो. ओढ 15 वर्षं ताणलेली असली, म्हणून ती संपते त्या दिवशी तेवढाच मोठा आनंद पदरात पडेल असं नसतं. त्या एकदम म्हणाल्या, “म्हणजे मी कृतघ्न नाहीये?” हे ओझं त्या घेऊन आल्या होत्या हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

पुढची चूक माझी. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, असं मी त्यांना सांगितलं. हा उपाय अनेकांना लागू पडतो. त्यांनी वही आणली, अगदी नीटनेटकी. सोमवार: मुलीशी बोलले, छान वाटलं. मंगळवार: काम वेळेत झालं, छान वाटलं. बुधवार: छान वाटलं. “रात्रीचे दहा वाजले की पोटात गोळा येतो,” त्या म्हणाल्या, “आज तीन कुठून आणू?” आधीच कामांनी भरलेल्या दिवसात मी आणखी एक काम घातलं होतं. वही बंद केली.

त्याऐवजी मी म्हटलं, “त्या दिवशी घड्या घालत होतात ना? तेवढंच सांगा. पण सावकाश. काय हातात होतं, काय ऐकू येत होतं.”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “टॉवेल होता. नुकताच दोरीवरून काढलेला. उन्हाने कडक झालेला आणि गरम.” त्यांचे हात मांडीवरून वर आले आणि गालापाशी थांबले. “मी तोंडाला लावला होता. असा. क्षणभर डोळे मिटले होते मी.” हात तसेच ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीच वाटलं नाही म्हणत होत्या त्या दिवसातलाच हा क्षण होता. कर्जाच्या कागदाबरोबर आला नाही, म्हणून त्यांनी तो धरलाच नव्हता.

पण लगेच शंकाही आली, आणि ती रास्त होती. “गरम टॉवेलमध्ये आनंद मानायचा, म्हणजे मनाची समजूत काढणंच नाही का?” मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला, पगार थकलेल्या माणसाला ‘छोट्या गोष्टीत आनंद शोध’ असं सांगणं मी अपमानच समजते. तिथे परिस्थिती बदलायला हवी. बाईंच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती. समजूत काढताना आपण नसलेलं आहे म्हणतो. टॉवेलची ऊब तर होतीच.

आणि मोठ्या आनंदावर किती विसंबायचं? 1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या 22 जणांचा अभ्यास केला. इतरांच्या तुलनेत ते फारसे जास्त सुखी नव्हते, उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतली त्यांची मजा कमी झालेली दिसली. अभ्यास छोटा होता, त्यावरून सगळ्या जगाचा निकाल लावू नये. पण आपलं सुख फार करून आनंद किती मोठा झाला यापेक्षा किती वेळा झाला यावर ठरतं, हे मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांनी 1991 मध्ये मांडलं, आणि माझ्या खोलीत ते मला वारंवार पटत आलंय.

पुढच्या भेटींत आम्ही एवढंच करायचो. त्यांनी एक क्षण सांगायचा आणि मी घाई करायची नाही. कुंडीतली कोरडी माती पाणी पिताना बारीक चर्र असा आवाज करते, हे त्यांनी मला सांगितलं. काही आठवड्यांना सांगण्यासारखं काहीच नसायचं. मग आम्ही दुसरं काही बोलायचो. ‘आज काही मिळालं नाही’ हे त्यांना न घाबरता म्हणता यायला लागलं, तेव्हा मला खरा फरक जाणवला.

एक गोष्ट मात्र मी लिहायला सांगितली, एकदाच. 2014 मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना तेव्हाच्या साध्या गोष्टी नोंदवून ठेवायला लावल्या होत्या, अलीकडच्या गप्पा, ऐकलेली गाणी वगैरे. तीन महिन्यांनी त्या पुन्हा बघताना किती उत्सुकता वाटेल याचा विद्यार्थ्यांचा अंदाज कमी पडला, प्रत्यक्षात ती बरीच जास्त निघाली. म्हणून बाईंना म्हटलं, कुठलाही एक साधा दिवस लिहा, पाकिटात घाला, चिकटवून टाका. “काय लिहू? काही घडतच नाही,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “तेच लिहा.”

तीन महिन्यांनी पाकीट घेऊन आल्या. माझ्यासमोरच फोडलं. दोन पानं होती. पहिल्या पानाच्या मध्यावर त्या थबकल्या आणि एकदम हसू फुटलं. “मुलगी मोजा शोधायला कॉटखाली शिरली होती आणि तिथेच झोपून गेली. पाय तेवढे बाहेर.” डोळे पुसत त्यांनी कागद माझ्या दिशेने थोडा फिरवला, मग परत स्वतःकडे ओढून घेतला. “हे मी साफ विसरले होते हो,” म्हणाल्या, आणि पुढे वाचायला लागल्या.