ऑनलाइन लिलावात खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांना फीडबॅक देतात ते न्याय्य असतं का?

तुम्ही लिहिलंय की वस्तू खराब निघाली म्हणून तुम्ही निगेटिव्ह दिलं आणि तासाभरात विक्रेत्याने उलट तुम्हालाच निगेटिव्ह ठोकलं, तर हे न्याय्य आहे का. नाही, अजिबात नाही. तुम्ही पैसे वेळेवर भरले होते ना, मग खरेदीदार म्हणून तुमची चूक काय?

मी मालवणचा, जुनी नाणी जमवतो. काही वर्षांपूर्वी एका लिलाव साइटवर पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया घेतला, फोटोत एकदम छान, पण हातात आल्यावर टेबलावर टाकला तर आवाज बद्द. बाजारात ओळखीच्या सोनाराकडे नेला, त्याने काट्यावर ठेवला, भरला 9.8 ग्रॅम. तो रुपया मुळात 11.66 ग्रॅमचा, झिजला तरी एवढा नाही उतरत. विक्रेत्याला फोटो पाठवले तर एका ओळीचं उत्तर, 'निगेटिव्ह दिलंत तर मी पण देणार'. आता हिशोब बघा. त्याच्याकडे 1200 पॉझिटिव्ह, माझ्याकडे 11. माझ्या निगेटिव्हने तो 100 वरून 99.9 टक्क्यांवर येणार, आणि त्याच्या एका निगेटिव्हने मी थेट 91.7 वर. मी घाबरून गप्प बसलो. महिन्याभराने सहज त्याचं प्रोफाइल उघडलं तर कोणीतरी लिहिलेलं, 'रुपया नकली, वजन कमी', आणि तारीख माझ्या खरेदीनंतरची. मी लिहिलं असतं तर त्या माणसाचे पैसे वाचले असते हे मला अजून टोचतं.

ही भानगड जुनी आहे. ईबे या मोठ्या लिलाव साइटने 1996 मध्ये फीडबॅक सुरू केला तेव्हा दोघंही एकमेकांना चांगलं-वाईट दोन्ही देऊ शकायचे. मग झालं असं की विक्रेते मुद्दाम थांबून राहायचे, आधी गिऱ्हाईक काय देतं ते बघायचे आणि मग परतफेड. लोक भीतीने पॉझिटिव्ह देत गेले, शेवटी सगळेच 99 टक्क्यांचे, मग त्या आकड्यावरून कळणार काय? 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदारांना निगेटिव्ह देणंच बंद केलं. तेव्हा विक्रेते खूप चिडले होते, आणि मी आता स्वतः थोडंफार विकतो त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. गेल्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, पार्सल आठ दिवस अडकलं, मी रोज मेसेज करून कळवत होतो तरी त्या गिऱ्हाइकाने निगेटिव्ह दिलं. नाणं बरोबर, पॅकिंग बरोबर, उशीर पोस्टाचा, आणि डाग माझ्या नावावर. काही जण तर सरळ म्हणतात की थोडे पैसे परत करा नाहीतर वाईट लिहितो. आणि या डागाची किंमत खरंच पैशात असते. पॉल रेझनिक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ईबेवर जुनी पोस्टकार्डं विकून बघितली, सारखाच माल, एकदा जुन्या नावाजलेल्या आयडीवरून आणि एकदा नवीन आयडीवरून, तर जुन्या आयडीला साधारण 8 टक्के जास्त भाव मिळाला.

तरीपण दोन्हीतलं एक निवडायचं तर मी 2008 चा नियमच निवडेन, कारण पैसे आधी खरेदीदाराचे जातात, वस्तू न बघता. पण याहून चांगली रीत आहे. दोघांनी लिहायचं, पण दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कोणालाच काही दिसू नये. एअरबीएनबी या राहायला जागा भाड्याने मिळवून देणाऱ्या साइटने 2014 पासून हे केलंय, 14 दिवसांची मुदत. समोरच्याने काय लिहिलं हेच माहीत नसेल तर सूड कशाचा घेणार? आणि बोली लावून पैसे न भरणाऱ्याची नोंद साइटनेच ठेवावी, ती मताची गोष्टच नाही, पैसे आले की नाही एवढंच बघायचं.

आमच्याकडे जेटीवर मासळीचा लिलाव होतो तिथे कोणी स्टार देत नाही. पण एखाद्याने बोली लावून पैसे बुडवले की दुसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडायच्या आत कोणीतरी बोलतं, 'तेका देव नको, मागले पैसे दिल्यान नाय अजून', म्हणजे त्याला देऊ नका, मागचे पैसे अजून दिले नाहीत. तो माणूस नाव बदलून परत येऊ शकत नाही, त्याचं घर सगळ्यांना माहीत. ऑनलाइन मात्र आयडी बदलला की पाटी कोरी, म्हणून तर तिथला फीडबॅक खरा असणं जास्त गरजेचं.

तुमच्यासाठी आत्ता एवढंच सांगतो, दिलेलं निगेटिव्ह मागे घेऊ नका. तो नक्की म्हणेल की तुम्ही काढा, मी पण काढतो, त्याला बळी पडू नका. त्याच्या शेऱ्याखाली उत्तर द्यायची सोय असेल तर दोन ओळी लिहा, शिवीगाळ नको: पैसे कुठल्या तारखेला भरले, वस्तूत काय खराब होतं, फोटो कधी पाठवले. त्याने धमकीचा मेसेज पाठवला असेल तर साइटकडे तक्रार करताना तो जोडा, आणि त्यांनी दाद दिली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढच्या वेळी टक्के बघू नका, त्याचे निगेटिव्ह आणि न्यूट्रल शेरे उघडून वाचा, आणि पॉझिटिव्ह कशावर मिळालेत तेही बघा. पन्नास रुपयांच्या टपाल तिकिटांवर हजार पॉझिटिव्ह जमवून मग वीस हजारांचं नाणं टाकणारे मी बघितलेत.