फुगे लाल नव्हतेच

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत जर्मन शिकते. वर्गात त्यांना नव्याण्णव फुग्यांचं एक जुनं गाणं ऐकवलं, तेव्हापासून घरात दुसरं काही वाजत नाही. मी इंग्रजी गाणं शोधून ऐकलं, तर त्यात फुगे लाल. मुलगी म्हणते, जर्मन गाण्यात रंगच नाही. खरं कोणाचं? आणि पायानं ठेका धरायला लावणाऱ्या या गाण्यात युद्ध कुठून आलं?
– एक पालक, सांगली

उत्तर : खरं तुमच्या मुलीचं. 'लुफ्टबालोन' म्हणजे नुसता हवेचा फुगा, रंगाचा पत्ता नाही. 'नॉयनउंडनॉयनत्सिश लुफ्टबालोन्स' (नव्याण्णव फुगे) ही जर्मन ओळ सात अक्षरी आहे. 'नाइंटी नाइन बलून्स' म्हटलं की पाचच भरतात, चाल लंगडते. म्हणून इंग्रजीत मध्ये 'रेड' कोंबला. आपल्याकडे भजनात अक्षर कमी पडलं की 'हो' किंवा 'रे' घालतात, त्यातलाच प्रकार. फक्त शीतयुद्धाच्या काळात 'लाल' म्हणजे कम्युनिस्टांचा रंग, तो शब्द 'रे'इतका निरुपद्रवी नव्हता.

गाणं १९८३चं, बँडचं नाव नेना, गायिकेचंही तेच. हागेन गावच्या गाब्रिएले केर्नरचं हे टोपणनाव. पंक या बंडखोर रॉक संगीताच्या धक्क्यातून आलेल्या, इंग्रजीची उसनवारी सोडून जर्मनमध्ये गाणाऱ्या, सिंथेसायझरवाल्या त्या लाटेला तिकडे 'नॉये डॉयचे वेले' म्हणतात, म्हणजे नवी जर्मन लाट. त्यात बरीच गाणी निव्वळ चावटपणाची होती. हे वेगळं निघालं.

आता युद्ध. जून १९८२मध्ये पश्चिम बर्लिनच्या वाल्डब्यूने या खुल्या रंगमंचावर रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला. तिथे आकाशात फुगे सोडले. नेनाचा गिटारवादक कार्लो कार्गेस गर्दीतून ते बघत होता. वाऱ्यावर त्या पुंजक्याचा आकार बदलत गेला आणि तो एखाद्या यानासारखा दिसायला लागला. कार्लोच्या मनात आलं, हे वाऱ्याबरोबर बर्लिनच्या भिंतीपलीकडे गेले तर पलीकडचे सैनिक काय समजतील? पश्चिम बर्लिन म्हणजे चारी बाजूंनी पूर्व जर्मनीनं वेढलेलं बेट. तिथे हा विचार सुचायला कवी असायची गरज नव्हती. त्यातून अमेरिकेची नवी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं पश्चिम जर्मनीत यायची होती, त्याविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरत होते. कार्लोनं शब्द लिहिले, की-बोर्डवाल्या ऊवे फारेनक्रोग-पेटरसननं चाल लावली.

गाण्यातली गोष्ट अशी. क्षितिजाकडे निघालेले फुगे कुणाला तरी परग्रहावरची यानं वाटतात. सेनापती विमानांची तुकडी पाठवतो. वर जाऊन बघतात तर फुगेच! पण एकेक वैमानिक स्वतःला 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेतला कॅप्टन कर्क समजतो, उगाच आतषबाजी करतो. शेजाऱ्यांचा गैरसमज होतो. मग येतात नव्याण्णव युद्धमंत्री, हातात काडी आणि पेट्रोलचा डबा. फुगे, विमानं, मंत्री, वर्षं, सगळं नव्याण्णवच्या हिशेबात.

हा डबा मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी शब्द केव्हिन मॅकअलीनं लिहिले. त्यात दोघं जण खेळण्यांच्या दुकानातून फुगे आणतात आणि लष्करी तळावर सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे धोक्याचा इशारा वाजतो. म्हणजे चूक यंत्राची. जर्मन गाण्यात यंत्राला बोलच नाही. तिथे मंत्र्यांना लुटीचा वास येतो, सत्ता हवी असते, स्वतःच्या हुशारीवर ते खूश असतात. आग माणसं लावतात. बँडला इंग्रजी रूप फारसं रुचलं नव्हतं, मलाही नाही. तरी ब्रिटनमध्ये १९८४ साली तेच पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेनं मात्र न कळणारं जर्मन गाणंच उचलून धरलं आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं.

गंमत म्हणा की काटा आणणारी गोष्ट म्हणा, मूळ गाणं आल्यानंतर काही महिन्यांतच, २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री, मॉस्कोजवळच्या सोव्हिएत केंद्रात उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचा इशारा दिला. आधी एक, मग आणखी चार. ड्युटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी डोकं शांत ठेवलं आणि 'खोटा इशारा' असं वर कळवलं. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला यंत्रणा फसली होती. जगाला हे कळलं ते पुढे नव्वदच्या दशकात. इंग्रजी गाण्यातला यंत्राचा दोष असा नकळत खरा ठरला, हे मॅकअलीच्या बाजूनं मान्य करायला हवं.

मी पुण्यात २७ वर्षं जर्मन शिकवलं. आकड्यांच्या धड्याला हे गाणं हमखास लावायचे. जर्मनमध्ये ९९ म्हणजे 'नऊ आणि नव्वद', एकक आधी. इंग्रजी माध्यमाची मुलं वैतागायची, मराठी माध्यमाची हसायची. आपलं पंचवीस, बत्तीस तसंच तर चालतं! (२०१९मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस'साठी 'वीस एक' आलं आणि गदारोळ झाला, तेव्हा मला हा वर्ग आठवला होता.) बरं, आपण एकोणीस, एकोणतीस, थेट एकोणनव्वदपर्यंत 'एक उणे' मोजतो, पण 'एकोणशंभर' म्हणत नाही. तिथे नव्याण्णव. या गाण्याच्या आकड्यावर मराठी आणि जर्मन अगदी मांडीला मांडी लावून बसतात.

मुलीला शेवटचं कडवं मराठीत करायला सांगा. नव्याण्णव वर्षांच्या युद्धानंतर ना मंत्री उरले, ना विमानं. गाणारी उद्ध्वस्त जगात एकटीच आपल्या फेऱ्या मारते आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तिथे लिहिलं होतं, 'आज मी प्रदक्षिणा घालते.' शब्दकोशाच्या हिशेबानं चूक. मी लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. पुढची ओळ तिनं बरोबर केली होती : 'एक फुगा सापडला. तुझी आठवण आली. सोडून दिला.'