कुत्र्याला अहंकार नसतो म्हणणाऱ्या मुलास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यातली बरीचशी पानं तुझा अहंकार किती माजलाय याच्या वर्णनात खर्ची पडली आहेत. वाचताना आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. निरूपण चांगलं झालं म्हणून लोकांनी कौतुक केलं, तुला बरं वाटलं, बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली, आणि तेव्हापासून तू त्या बैठकीकडे फिरकलाच नाहीस. वर मला विचारतोस, "कुत्र्याला तर अहंकार नसतो, मग तोच माझ्यापेक्षा देवाच्या जवळ नाही का?"

कुत्र्याला अहंकार असतो. इथूनच सुरुवात करू.

सांख्य दर्शनवाल्यांनी अहंकाराला स्वभावदोषांत बसवलेलंच नाही, त्यांच्या यादीत ते एक तत्त्व आहे. प्रकृतीतून महत् म्हणजे बुद्धी, महतातून अहंकार, आणि त्या अहंकारातून मन, दहा इंद्रियं आणि पाच तन्मात्रा, म्हणजे शब्द, स्पर्श वगैरेंची सूक्ष्म रूपं. क्रम नीट बघ. डोळा नंतर येतो, 'हे मी बघतोय' म्हणणारा आधी. मग ज्याला डोळा आहे त्या प्रत्येकाला अहंकार आहे, शेपटी असो वा नसो. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तर नुकत्या जन्मलेल्या किड्यालाही 'मी नाहीसा होऊ नये' ही ओढ असते असं म्हटलंय. आणि शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या सुरुवातीलाच आपल्याला जनावरांच्या रांगेत उभं करतात. काठी उगारलेला माणूस दिसला की जनावर पळतं, हातात हिरवा चारा घेतलेला दिसला की जवळ येतं. तलवार उपसलेला दांडगा माणूस दिसला की विद्वानही मागे सरकतो. त्या व्यवहारात दोघांत काही फरक नाही, असं आचार्य सरळ लिहितात. पंडितांसमोर हे म्हणायला छाती लागते.

आरशाच्या प्रयोगांचं तू जे लिहिलंस, ते मला माहीत आहे. 1970 साली गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर तो प्रयोग केला. पुढे डॉल्फिन, हत्ती, मॅग्पाय पक्षीही आरशात स्वतःला ओळखतात असे निष्कर्ष आले, आणि कुत्री त्यात नापास झाली. पण कुत्र्याचं जग वासाचं, त्याला काच दाखवून काय कळणार? आणि आरशात आपलं थोबाड ओळखता येणं म्हणजे अहंकार नव्हे. ते सोड.

त्यापेक्षा दोन अनोळखी कुत्री समोरासमोर येतात ते कधी उभं राहून बघ. चाल मंदावते, पाय ताठ होतात, पाठीवरचे केस उभे राहतात, शेपट्या वर जातात. एक नजर रोखतो. दुसरा जरा तोलून बघतो, मग कान मागे पाडतो, तोंड बाजूला वळवतो, आडवा होऊन पोट दाखवतो. पहिला हुंगतो आणि निघून जातो. आणि जो हरला तो? तो उठतो, नाकापासून शेपटीपर्यंत एकदा अंग झाडतो आणि आपल्या वाटेला लागतो. तुला सांगायची माझी गोष्ट एवढीच आहे, बाकी सगळं तिच्याभोवतीचं बोलणं आहे: अंग झाड आणि ऊठ.

ताठ पाय, रोखलेली नजर हा अहंकारच, आणि चांगला ठसठशीत. पण तो प्रसंगापुरता आला. हरलेला कुत्रा रात्री जागून 'मी पोट का दाखवलं' म्हणत बसत नाही. जिंकलेला चार जणांना सांगत फिरत नाही. आपण मात्र प्रसंग उरकला की मग खरे कामाला लागतो. तू निरूपण केलंस तो तासभर तुझा अहंकार बहुतेक गप्पच होता, कारण तू विषयात होतास. तो उठला नंतर, घरी आल्यावर, कौतुकाचे शब्द पुन्हा पुन्हा चघळताना. आणि किळस आली तीही चघळतानाच.

आता तू वाद घालशील, मला माहीत आहे. कावळे डूख धरतात म्हणशील. सिअ‍ॅटलला पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी 2006 साली तो प्रयोग सुरू केला. गुहामानवाचा मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत अंगावर यायचे, जे कधी पकडलेच गेले नव्हते तेसुद्धा. पण बाळा, कावळ्याने लक्षात ठेवलाय तो धोका. मुखवटा उतरवला की त्याच माणसाशी त्याचं काही भांडण नाही. 'माझ्यासारख्या कावळ्याला पकडलं' हे दुःख कावळ्याला असेल, असं मला तरी वाटत नाही. ते आपलं खास.

मग कुत्रा जवळचा का नाही? योगसूत्रांत पतंजलींनी क्लेशांच्या, म्हणजे मनाला पिडणाऱ्या दोषांच्या, चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न, उदार. झोपलेला, क्षीण झालेला, मधे तुटलेला आणि पूर्ण फुललेला. अस्मिता, म्हणजे 'मी'पणा, हा त्यातलाच एक क्लेश. अंग झाडून चाललेल्या कुत्र्याची अस्मिता झोपलेली आहे, जळालेली नाही. पुढच्या वळणावर दुसरा कुत्रा भेटला की ती पुन्हा ताठ उभी राहील, आणि हे आता उभं राहतंय, हे कुत्र्याला कळणार नाही. तुला कळलं. त्या संध्याकाळी कौतुकाने बरं वाटलं ते तू आतून उठताना पाहिलंस. एवढं ज्याला दिसलं, त्याने कुत्र्याचा हेवा करत बसावं?

आणि कुत्र्याकडे बघून नाक मुरडायचंही कारण नाही. जैनांच्या दिगंबर परंपरेत महावीरांचा जीव पूर्वी एका भवात सिंह होता, आणि त्या सिंहाच्या जन्मातच त्याला सम्यक दर्शन, म्हणजे खरी दृष्टी, लाभलं असं सांगतात. पशूही व्रत घेऊ शकतो, आत्म्याच्या चढणीच्या चौदा पायऱ्यांपैकी पाचव्या गुणस्थानापर्यंत चढू शकतो, इतकं नेमकं गणित त्यांनी मांडून ठेवलंय. रमण महर्षींच्या आश्रमात लक्ष्मी गाय 1948 साली गेली, तिची समाधी तिथे आहे, आणि ती मुक्त झाली असं महर्षींनी म्हटलं. तेव्हा दार कुणालाच बंद नाही. पण ती वेगळी गोष्ट आणि 'मला अहंकार नकोच, मी कुत्रा झालो असतो तर बरं' हे तुझं रडगाणं वेगळं.

त्या रडगाण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. बौद्धांनी मानाचे, म्हणजे स्वतःला दुसऱ्याशी तोलणाऱ्या गर्वाचे, तीन प्रकार केले: मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा आणि मी हीन. तिसरा नीट वाच. 'मी किती अहंकारी, मी किती नालायक' हाही मानच, आणि अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होईपर्यंत तो पुरता सुटत नाही असं ते सांगतात. तू निरूपण सोडलंस ते नम्रतेने नव्हे. आपण नम्र आहोत की नाही याची काळजी तुला ऐकायला बसलेल्या लोकांपेक्षा मोठी वाटली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली म्हणतात की अहंकाराचं नवल असं, तो अज्ञानी माणसाच्या फारसा पाठी लागत नाही, जाणत्याच्या गळ्याला मात्र झोंबतो. त्याने तुला धरलंय याचा अर्थ तू काहीतरी बरं करत होतास. अंग झाड आणि ऊठ. तेच सांगतेय मी.

एक मात्र लक्षात ठेव. 'हा तुझा अहंकार आहे' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं, तर ते कोण म्हणतंय आणि तू गप्प बसल्याने कुणाची सोय होतेय, ते आधी बघ. मी एका साधनामंडळात बरीच वर्षं जात होते. तिथल्या एका ज्येष्ठ साधकांना मी भर सभेत प्रश्न विचारला. 'ताई, हा तुमचा अहंकार बोलतोय,' एवढंच उत्तर मिळालं. लोकांनी माना डोलावल्या. मी उठले ती परत गेले नाही. नंतर निरोप आले, येऊन नमस्कार करा, मिटवून टाकू. नमस्कार करायचा म्हणजे प्रश्न चुकीचा होता असं कबूल करायचं. तो चुकीचा नव्हता. यात गेलं बरंच. ज्यांनी मला ध्यानाला बसायला शिकवलं, त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याजवळ नव्हते, आणि ते आजही सलतं. पण गेले नाही ते बरोबरच केलं.

तू म्हणशील, मावशी, मग अंग झाडायचं कुठे गेलं? अरे, अपमान मी केव्हाच झाडून टाकला. प्रश्न दडपला गेला, तो नाही झाडला. या दोन्हींत फरक आहे. फरक आहेच, तू हसू नकोस.

पुढच्या बैठकीला जा. जो अध्याय अर्धा राहिलाय तिथूनच सुरू कर, इतके दिवस का आलो नाही याचं स्पष्टीकरण देऊ नकोस, कुणी विचारणारही नाही. कौतुक झालं तर बरं वाटू दे. त्या बरं वाटण्याशी झटापट करायची नाही, त्याला घरीही आणायचं नाही. चपला घालायच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या श्लोकाकडे वळायचं. कुणी नावं ठेवली तरी तेच करायचं. आणि घरी आल्यावर मनात सभा भरलीच, तर ती भरलीय एवढं बघ आणि अंग झाड. रोज झाडावं लागेल. मला अजून लागतं.

तुझी,
मावशी

ता. क. तू विचारणारच, म्हणून सांगून टाकते. प्रश्न असा होता: जीवन्मुक्ताचा, म्हणजे जिवंतपणीच मुक्त झालेल्याचा, अहंकार जर जळून गेलेला असतो, तर तो बोलताना 'मी' कसा म्हणतो आणि त्याला कधी राग आलेला का दिसतो? उत्तर साधं आहे, पुढे माझं मलाच वाचनात सापडलं. जळलेल्या दोरीचा पीळ तसाच दिसतो, पण तिने काही बांधता येत नाही. एवढं सांगायला त्यांचं काय जात होतं?