जुनी गाडी सोडवत नाही, मोठी घेववत नाही

"मॅडम, गाडी बदलू का?" हा काय समुपदेशकाला विचारायचा प्रश्न आहे, असं म्हणत म्हणतच लोक तो विचारतात. दसरा-पाडवा जवळ आला की जास्त. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि इकडे परभणी, सेलू, जिंतूरकडे हा विषय घरोघरी निघाला. विचारणारे बहुतेक चाळिशीतले पुरुष. दारात पंधरा-वीस वर्षं साथ दिलेली शंभर सीसीची गाडी, मनात साडेतीनशेची. पैसे जुळतात, बायकोची ना नसते, शोरूमवाला एक्स्चेंजचा भाव सांगतो आणि ऐन वेळी माणूस मागे सरतो. मग झोप उडते, घरात चिडचिड सुरू होते.

त्यांच्यापैकी एकांना सुधाकरराव म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वय 44, जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक, रोजचं येणं-जाणं 40 किलोमीटर. गाडी 2007 ची स्प्लेंडर. नोकरी लागल्यावर घेतलेली पहिली वस्तू. घ्यायची होती रॉयल एनफिल्डची क्लासिक 350. टोकन देऊन ते दोनदा परत घेतलेलं.

"जीव अडकलाय हो तिच्यात," ते म्हणायचे. "माझं लग्न, पोरांचे दवाखाने, आईचं आजारपण, सगळं हिच्यावर झालं. सोळा हजाराला कुणाच्या हवाली करू?"

भावना खरी होती, तिला हात लावायचं काम नव्हतं. पण वस्तूवर माया असलेला माणूस ती वस्तू विकत नाही आणि निवांत राहतो. सुधाकरराव निवांत नव्हते. रात्री मोबाइलवर मोठ्या गाडीचे व्हिडिओ बघायचे आणि सकाळी स्वतःवरच चिडायचे. माया एवढी अस्वस्थ करत नाही. असं दिसलं की खाली दुसरं काहीतरी आहे असं मी धरून चालते.

एका बैठकीला वहिनी आल्या होत्या. त्या सहज बोलून गेल्या, "मागच्या पावसाळ्यात शेताच्या पांदणीत गाडी घसरली. लागलं नाही काही, पण तवापासून ह्यांचं असं चालू झालं." सुधाकरराव लगेच म्हणाले, "त्याचा काय संबंध?" एवढ्या घाईने झटकलेली गोष्ट मी सहसा सोडत नाही.

मी विचारलं, "समजा, आत्ताच ठरलं की जुनी गाडी विकायचीच नाही. ती तुमच्या नावावर, तुमच्या वाड्यात कायमची राहणार. तर उद्या सकाळी मोठी गाडी आणाल?"

ते बोलायला गेले आणि थांबले. चष्मा काढून रुमालाने पुसत बसले. वहिनी काही बोलणार होत्या, त्यांना मी हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "नाही आणणार."

"का?"

"पेलंल का मला ती?" आवाज एकदम खाली गेला होता. "अठ्ठावन किलोचा माणूस मी. स्प्लेंडर पडली तर उचलायला दोघं यावं लागले. ही चौकात कलली तर? सगळं गाव ओळखतं. पोरं शाळेत नक्कल करतील माझी."

गाठ इथे होती. "जीव अडकलाय" हे चारचौघांत सांगता येतं, "भीती वाटते" हे मराठवाड्यातल्या कर्त्या पुरुषाला सांगता येत नाही. म्हणून भीतीने मायेचे कपडे घातले होते. माया आहे म्हणून समजूत काढत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. हा एकच प्रश्न, जुनी ठेवूनही नवी आणाल का, दोन निर्णय वेगळे करतो. विकणं हा एक आणि घेणं हा दुसरा. एक्स्चेंजच्या कागदावर ते एकत्र येतात, म्हणून मनातही चिकटतात. "हो, आणीन" असं उत्तर आलं तर अडचण खरोखर विकण्याची आहे. "नाही" आलं तर नव्या गाडीबद्दल बोलायला हवं.

मी विवेकनिष्ठ विचारांच्या पद्धतीने काम करते, म्हणजे घडणारी गोष्ट आणि तिच्याबद्दलची आपली समजूत वेगळी करून बघते. सुधाकररावांच्या बोलण्यात दोन वाक्यं एकमेकांत मिसळली होती. गाडी पडू शकते, हे खरं. पडली आणि लोक हसले तर मला ते सहनच होणार नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं. पहिलं तपासून बघायचं, दुसऱ्याला पुरावा मागायचा. "पांदणीत पडलात तेव्हा कोण हसलं?" "कुणीच नाही. सालगड्यानं पाणी आणून दिलं."

तपासणीचं काम मात्र खोलीत होत नाही. त्यांनी मोठी गाडी चालवली होती ती शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर, एक चक्कर. स्प्लेंडर सुमारे 110 किलोची, क्लासिक 195 किलोची. हा 85 किलोंचा फरक चालत्या गाडीत जवळजवळ जाणवत नाही, तो थांबताना, वळवताना आणि ढकलताना कळतो. म्हणून ओळखीच्या माणसाची गाडी अर्धा दिवस मागून घ्यायला सांगितलं. आधी इंजिन बंद. गाडी अंगणात हाताने पुढे-मागे ढकलायची, थोड्या चढावर मागे ओढायची, मधल्या स्टँडवर लावायची. सीटची उंची 805 मिलिमीटर आहे. बसून दोन्ही टाचा टेकतात का ते बघायचं, नुसते चवडे टेकले तर खडीवर पाय सरकतो. मग बायकोला मागे बसवून चालायच्या वेगाने वळण घ्यायचं, कारण मोठी गाडी कलते ती अशाच वेळी.

गाडी उचलायचीही रीत आहे. दोघं लागले ते वाकून, हाताच्या जोरावर ओढली म्हणून. आधी इंजिन बंद करायचं. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर गिअर टाकून साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे पडते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून कंबर सीटला टेकवायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची कडी धरायची आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. सुधाकररावांनी मित्राच्या शेतात कडब्यावर गाडी आडवी करून हे करून बघितलं. पुढच्या वेळी आले ते हे सांगतच आत आले.

पांदणीत मोठी गाडी चालेल का, याचं उत्तर मात्र "नाही" आलं, आणि ते स्वच्छ आलं हे चांगलं झालं. काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरला की चाक जाम होतं. उतरून काडीने माती काढायची आणि गाडी ढकलत न्यायची, हे 110 किलोला जमतं, 195 ला एकट्याने नाही. म्हणजे शेतासाठी जुनी गाडी लागणारच होती. तिचा निळसर धूर नव्हता, म्हणजे इंजिन ऑइल जळत नव्हतं; चेनसेट आणि कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बदलून भागत होतं. 2022 मध्ये आरसीचं नूतनीकरण झालेलं, ते 2027 पर्यंत. सोळा हजारांसाठी ती देण्यात अर्थ नव्हता.

राहिला पैसा. तोही मी वहीवर मांडायला लावते, कारण हप्त्याचा ताण पुढे "गाडी चुकली" या रूपात घरात येतो. 1,60,000 रुपये कर्ज, 36 महिने, 12 टक्के. शिल्लक रकमेवर व्याज असेल तर हप्ता साधारण 5,314. तेच 12 टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, असेल तर 6,044. एकूण फरक 26 हजारांहून जास्त. "किती टक्के" याच्या आधी "फ्लॅट की घटत्या शिलकीवर" हे विचारायचं. महिन्याला 1,000 किलोमीटर, एक गाडी 60 चा ॲव्हरेज देणारी, दुसरी 35 चा: 12 लिटर पेट्रोल जास्त, लिटरला 105 रुपये धरले तर साडेबाराशेच्या आसपास. म्हणजे हप्ता आणि जादा पेट्रोल मिळून महिन्याला साडेसहा हजार. एवढी रक्कम सहा महिने बाजूला टाकायची. घर न कुरकुरता चाललं तर हप्ता झेपेल, आणि जमलेले 39 हजार डाउन पेमेंटला येतात. तिसऱ्या महिन्यातच ओढाताण झाली तर तेही उत्तरच आहे, आणि ते फुकटात मिळालं.

सुधाकररावांनी सहा महिने पैसे टाकले आणि पाडव्याला गाडी घेतली, एक्स्चेंज न करता. शाळा आणि लांबचे गाव नवीवर, शेत जुनीवर.

ज्यांना दोन गाड्या ठेवायच्या आहेत त्यांनी जुनीला आठवड्यातून एकदा तरी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणावं. महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावं, नाहीतर जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) जाम होतो. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी चालू ठेवावी. पुतण्याला किंवा सालगड्याला कायमची द्यायची असेल तर 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून चौदा दिवसांच्या आत आरटीओत नाव बदलायला टाकावं. घरातलाच आहे म्हणून हे राहून जातं. पण अपघात झाला तर नुकसानभरपाईची नोटीस ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच दारात येते.