बाजार कोसळणार म्हणतात, सगळं सोन्यात टाकू का?

हा प्रश्न अलीकडे इतक्या जणांनी विचारला, की शेवटी त्यावर लिहायला बसले. विचारणारे बहुतेक निवृत्त किंवा निवृत्तीला टेकलेले. झोप उडालेली, घरात कुरबुरी, हातात मोबाईल. त्यात कुणीतरी सांगत असतं : डॉलर बुडणार, शेअर निम्म्यावर येणार, ज्याच्याकडे सोनं तोच वाचणार.

त्यांतल्या एका काकांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. निवृत्त अभियंते, म्युच्युअल फंड, ठेवी सगळं मोडून सोनं घ्यायला निघालेले. काकूंचा ठाम नकार. दोघांत बोलणं बंद, म्हणून मुलगी माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली.

"पीटर शिफना ऐका मॅडम, ते अमेरिकेतले बाजाराचे भाष्यकार. अमेरिकेतल्या घरांच्या किमतींचा फुगा फुटणार, हे त्यांनी 2008च्या आधी ओरडून सांगितलं होतं. लोक हसले त्यांना!"

"बरोबर आहे. आणि 2008नंतर ते काय सांगताहेत?"

"तेच. डॉलर कोसळणार."

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. ऐकलेलं प्रत्येक भाकीत लिहायचं आणि पुढे तीन रकाने : कधीपर्यंत घडणार, नाही घडलं तर काय समजायचं, आणि सांगणारा स्वतः काय विकतो. अभियंताच ते, पट्टीने रेघा मारून वही आणली. पहिल्या रकान्यात पानोपानी "लवकरच". दुसरा कोराच. तिसरा मात्र भरलेला; शिफ यांच्या नावाने तर सोनं विकणारी कंपनीच आहे. विकणारा खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही. पण तुमच्या भीतीवर त्याचं दुकान चालतं, एवढं ध्यानात ठेवून ऐकावं.

सोनं वाढत नाही असंही नाही. ऑक्टोबर 2025मध्ये ते औंसाला (साधारण 31 ग्रॅमला) 4,000 डॉलरच्या वर गेलं, तेव्हा हे भाष्यकार खरे ठरले. पण जानेवारी 1980मध्ये घाबरून 850 डॉलरला ज्याने घेतलं, त्याला तो भाव पुन्हा दिसला 2008 साली. मधल्या काळात तो अडीचशेच्या आसपास उतरला होता. 2011मध्ये 1,900ला घेतलेलं 2015च्या अखेरीस 1,050वर होतं. रुपया घसरत गेल्याने आपल्याकडे हे खड्डे तेवढे खोल दिसले नाहीत, इतकंच.

काकांनी हे सगळं मान्य केलं, पण झोप काही आली नाही. आकडे डोक्याला पटतात, भीती तिथे राहत नाही. मग एकदा मी विचारलं, "काका, सगळं सोन्यात घातलंत आणि सोनंच पडलं तर?"

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तर मग आईच्या पाटल्यासुद्धा नाहीत."

वडील गिरणी कामगार. जानेवारी 1982मध्ये संप सुरू झाला, पगार थांबला, गिरणीतलं काम पुन्हा मिळालंच नाही. आई एकेक दागिना पेढीवर नेत गेली. "त्यावर मी शिकलो, मॅडम."

हाच तो क्षण, ज्यासाठी मी हे काम करते. भाष्यकारांनी काकांना भीती दिली नव्हती. आधीपासून असलेल्या भीतीला त्यांनी आकडे पुरवले होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे. पुन्हा तसं घडणार नाही याची शंभर टक्के हमी मिळालीच पाहिजे, हा हट्ट माणसाला छळतो. ती हमी शेअर देत नाही, सोनंही देत नाही.

"आईने भाव वाढेल म्हणून पाटल्या ठेवल्या होत्या का?"

"छे हो. अडीनडीला."

"मग आज तुमच्या अडीनडीला काय काय आहे?"

एकेक बोट दुमडत ते मोजू लागले : पेन्शन, कर्ज फिटलेलं घर, ठेवी, आरोग्य विमा, मुलीची नोकरी. आईकडे यातलं एकही नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. मी बोलले नाही. असं उत्तर माणसाच्या तोंडूनच यावं लागतं, आणि ते येईपर्यंत थांबता येणं ही माझ्या मते आमच्या कामातली खरी कसोटी.

तुम्हालाही असं होत असेल तर वही घाला, आणि रात्रीच्या जेवणानंतर बाजाराचं काही बघू नका. कुठली रक्कम कधी लागणार, हे आधी घरच्यांबरोबर बसून ठरवा. सोनं किती घ्यावं, हे मी सांगू शकत नाही. त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी असलेला सल्लागार गाठा. दागिना घेणार असाल तर घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी मोडताना परत मिळत नाही, हेही धरा. काकांनी ठेवी तशाच ठेवल्या आणि थोडं सोनं घेतलं, काकूंना विचारून.