नाताळला जा

प्रिय मुली,

परवा तुरुंगाच्या दारी, कैद्यांना भेटायच्या मुलाखतीच्या रांगेत तू विचारलंस, "मावशी, चरईतल्या मैत्रिणीनं नाताळला बोलावलंय. दादा आत असताना गेलं तर बरं दिसेल का?" तेवढ्यात तुमचा नंबर पुकारला गेला आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं. म्हणून लिहितेय. जा.

माझा भाऊ सुटून आता बरीच वर्षं झाली. हल्ली मी शेजारच्या आजींना सोबत म्हणून येते. पण 'बरं दिसेल का' या प्रश्नावर आमच्या घरानं अडीच वर्षं काढली आहेत. तो दुबईला गेलाय, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. समोरच्या काकूंनी तिथलं अत्तर मागितलं, तेव्हा ठाणे स्टेशनजवळून एक बाटली घेतली आणि तिचं लेबल खरवडून त्यांना दिली. अजून म्हणतात, तसा वास पुन्हा मिळाला नाही.

त्या वर्षी आईनं दिवाळीत कंदीलसुद्धा लावला नाही. नंतरच्या मुलाखतीत काचेपलीकडून, फोनवर भावानं विचारलं, फराळाला काय काय केलंत? मी म्हटलं, "काही नाही रे, तुझ्याशिवाय कसली दिवाळी." त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग मी रात्री काय आठवू?" संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत तो मनातल्या मनात आमच्या घरात हिंडायचा, आणि आम्ही तिथला दिवाच मालवून ठेवला होता. पुढच्या दिवाळीनंतर मी आईच्या चकल्या तेलात कशा विरघळल्या ते सांगितलं. अर्धी मुलाखत चकलीवर गेली, वकिलांचं बोलायचं राहूनच गेलं. त्याला इतकं हसताना मी खूप दिवसांनी पाहिलं.

मैत्रिणीकडे जाताना तलावपाळीचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च लागेल. ते ज्याच्या नावाचं आहे तो योहान स्वतः कैदेत पडला होता. हेरोद राजानं त्याला डांबलं होतं. आतून त्यानं शिष्यांकरवी येशूला विचारलं, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहायची? मी ख्रिस्ती नाही, पण येशूचं उत्तर मला फार आवडतं. तुम्ही जे ऐकता आणि पाहता, ते जाऊन योहानाला सांगा, असं त्यानं म्हटलं. त्या चर्चपासून आपला तुरुंग फार लांब नाही. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला तो. चर्चची घंटा आत ऐकू येते का, असं मी भावाला एकदा विचारलं होतं. म्हणाला, नाही गं, हॉर्न ऐकू येतात.

तेव्हा तिथे नीट बघ. पीठ मुठीतून पिळून तेलात सोडलं की फुगे कसे टम्म होतात. कुलकुलांना, त्या गोड तळलेल्या पदार्थाला, कशावर घासून रेघा पाडतात. गव्हाणी सजलेली असते, पण पुष्कळ घरांत बाळ येशूची मूर्ती त्यात मध्यरात्रीनंतरच ठेवतात. तोवर ती कुठल्या कपाटात असते, हे विचार.

'भाऊ काय करतो' असं कुणीतरी विचारणारच. दुबईला धाडू नकोस, फार महाग पडतं. मैत्रिणीला आधीच खरं सांगून ठेव. बाकीच्यांना एवढंच सांग, "त्याची केस चालू आहे, आज त्यावर नको बोलायला." रडू आलं तर बाथरूम आहे, नाहीतर रिक्षा आहे. मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत, थांबायचं बंधन नाही.

डबा त्याच्यासाठी बांधून घेऊ नकोस. कोर्टाच्या परवानगीशिवाय तो आत जाणार नाही, आणि गेटवरून परत आलेला डबा घरी उघडवत नाही. त्यापेक्षा पत्र लिही. पत्रं तपासली जातात, म्हणून त्यात केसचं अक्षर नको. फुग्यांचं कितीही लिही.

आणखी एक. नाताळच्या सुट्टीत कोर्टाच्या तारखा जानेवारीत जातात, त्यामुळे वकिलांना या आठवड्यातच गाठ. दादाला याआधी कधी शिक्षा झालेली नाही ना? मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ बद्दल त्यांना विचार. पूर्वी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्यानं, त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर अडतं. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे मला माहीत नव्हतं. आईच्या पाटल्या त्यात गेल्या.

नाताळनंतरच्या मुलाखतीला मी येतेच आहे. आधारची झेरॉक्स विसरू नकोस, मागच्या वेळी माझ्याकडची दिली होती ती शेवटची होती. आणि दोन फुगे मला ठेव. माझा डबा कुणी अडवत नाही.

तुझी,
रांगेतली मावशी